कोरी पावती

मंगफमध्ये जानेवारी सहा अंशांवर उतरला
आणि त्याच पहाटे न्हाणीघरातला हीटर गेला.
आधी लाल दिवा गेला, मग तो आवाज,
किटली उकळी फुटायच्या आधी करते तसला.
वर्षभरात त्याची इतकी सवय झाली होती
की थांबल्यावर वाटलं, घरात कुणीतरी आलंय.

पावती होती. जपूनच ठेवली होती.
पासपोर्टांच्या पिशवीत ठेवायला हवी होती,
ठेवली गाडीच्या कप्प्यात.
जून, जुलै, ऑगस्ट तिने तिथेच काढले.
उघडली तर कागद कोरा.
दुकानाचं नाव नाही, दिनार नाहीत, तारीख नाही.
तळाशी आधीच छापलेली एक ओळ तेवढी शाबूत:
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

फोनवरची मुलगी गोड होती.
वॉरंटी एक वर्षाची, मॅडम. तारीख?
मी म्हटलं, अगं, वर्षातले सात महिने तो बंदच असतो.
उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून चटके देणारं पाणी येतं,
तेव्हा हीटरचं बटण बंद करून
त्याच्या पोटात निवलेलं पाणी आम्ही अंघोळीला घेतो.
गार करण्यात गेलेले महिने
तुम्ही तापवण्याच्या खात्यात कसे धरता?
होल्ड करा, म्हणाली.
मग बराच वेळ कुणीतरी पियानो वाजवत राहिलं.

तीन दिवस गॅसवर पातेलं.
निनादने विचारलं, आई, हे आखातच ना?
नवरा मीना अब्दुल्लाला रात्रपाळीला,
भट्ट्यांशेजारी बारा तास काढून यायचा,
गार पाणी डोक्यावर घ्यायचा
आणि म्हणायचा, बरं वाटतं.
दात वाजत असायचे.

चौथ्या दिवशी कंपनीचा माणूस आला.
बूट दाराबाहेर काढले. मोजे दोन वेगळे.
हिंदीत बोलत होता. खालचं झाकण खोललं
आणि चुन्याचा लगदा भसकन फरशीवर.
माझ्या तोंडून निघालं, अगं बाई!
तसा स्क्रूड्रायव्हर हवेतच थांबला.
कुठल्या तुम्ही?
मी कराडची. तो मंडणगडचा, मुनाफ चौगुले.
आमच्याकडेही चौगुले आहेत, म्हटलं.
कुठे नायत, म्हणाला.

कॉइल जळालेली. पावती असती तर फुकटात बसली असती.
मग त्याने आतून एक काडी ओढून काढली,
वाळलेल्या शेवग्यासारखी, मधेच तुटलेली.
नवी असताना अंगठ्याएवढी जाड असते म्हणे.
पाणी लोखंड खाणारच,
म्हणून आधी ही खायला देतात.
ही आहे तोवर टाकीला गंज नाही.

मग ही तरी वॉरंटीत द्या.
हिला नसते.
का?
झिजायचं हेच तिचं काम, ताई.
काम केलं, त्याला कंपनी बिघाड धरत नाय.

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.
पांघरुणाबाहेर नवऱ्याची टाच आलेली,
भेगांत काळं बसलेलं.
मी जाऊन दार लावून घेतलं.

साडेसहा दिनार. कॉइल त्याच्याकडची,
दुसऱ्या कुणाच्या घरातून निघालेली.
पातेल्यातलं पाणी त्याच्या हातांवर ओतलं.
पावतीचं मशीन गाडीत आहे, आणू का?
नको, म्हटलं. पेनाने लिहा.
खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला.

तो जरा घुटमळला. सातवीनंतर मराठी लिहिलंच नव्हतं.
मग उकिडवा बसून, पुठ्ठा गुडघ्यावर घेऊन
बोलतो तसंच लिहिलं:
कॉइल, रॉड टाकला. सहा म्हयने माझी हमी.
खाली सही, आणि सहीखाली
न विचारता स्वतःचा नंबर.

पुठ्ठा मोठा होता. दुमडून, दाबून
पासपोर्टांच्या पिशवीत बसवला.
चेन लागायला वेळ लागला.