काठाने जवस

जळगावच्या एमआयडीसीत, शेवटच्या शेडमध्ये,
रात्री अडीचला मी तेलाला ऊब देत बसलेली असते.
पंचावन्न अंश. त्याच्या वर नाही.
विकराचे दाणे साबुदाण्याएवढे, मेले तर महागात पडतात,
आणि भारंबे साहेब खर्चाचा कागद
नाकाजवळ धरून वाचतात.

काम असं आहे:
सरकीच्या तेलाच्या कणाकणात एक तिफण असते,
दांडा एक, फण तीन.
मधल्याला हात लावायचा नाही.
कडेचे सोडवायचे, जमतील तेवढे,
आणि तिथे जवसाचं आम्ल बसवायचं.

कॉलेजात हे शिकले तेव्हा नवल वाटलं नाही.
फैजपूरला आमच्या घाण्यामागे शेत होतं दुसऱ्याचं.
आत हरभरा, काठाने जवस.
निळी फुलं सकाळपुरती, ऊन चढलं की खाली.
गुरं जवसाला तोंड लावत नाहीत,
म्हणून आतलं पीक राहतं.
आता आत काय राखायचं ते बदललंय,
वीतभर नळ्या, मुठीएवढं मांस.

चवीच्या तपासणीला सात माणसं लागतात.
सहा ऑफिसातली.
सहाही जण नऊपैकी आठ लिहितात आणि चहाला जातात.
सातवा सुकलाल, असोद्याचा आचारी,
छातीत दोन स्प्रिंगा घालून आलेला.
त्याला फॉर्म दिला तर घडी करून खिशात ठेवला.
कढई तापवायला लावली, तेल सोडलं,
धूर निघायच्या आधीच मान फिरवली.
"चौधरीबाई, याले दाराचा वास येतो."
दाराचा?
"नव्या दाराले तेल पाजतात ना, त्याचा."

दोन वर्षं त्या दाराशी उभी होते.
काळ्या बाटल्या, नायट्रोजन, तिळाचा अर्क,
रोज सकाळी पेरॉक्साईडचा आकडा,
जसा घरच्या तापाचा आकडा बघावा.
खोलीत ठेवलं तर गुणी पोर.
कढईत घातलं की दार.

डिसेंबरात त्यानेच भरताला बोलावलं,
केळीच्या बागेत, पऱ्हाटीच्या जाळावर
बामणोदची वांगी, सालं काळी, आत लोणी.
मी बाटली नेली होती पिशवीत,
का नेली ते विचारू नका.
बडगीत वांगी ठेचली, मिरची, लसूण, कांद्याची पात,
फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची, भरपूर.
मग हात पुढे केला: "आना ते तुमचं."
आणि फोडणी निवल्यावर,
वाढता वाढता, एकेका ताटात
वरून कच्चीच धार सोडत गेला.
"हे आगीचं तेल नाही, बाई. ताटाचं आहे.
कसाले याले कढईत घालून मारता?"

कोणी काही बोललं नाही. सगळे खात होते.
मला कळण्याची भाकरी दिसली,
बोटाने खळगा करून, त्यात घाण्याचं कच्चं तेल
सोडणारा बापाचा हात,
लाठ ओढून ओढून कडक झालेला.
एवढं डोळ्यांसमोर होतं
आणि मी एकशे ऐंशी अंशांशी भांडत बसले.

तुमच्या ताटात? मी सुकलालला विचारलं.
त्याने कढईच्या तळातली तर्री पळीने घेतली,
लाल, जाड, जुन्याच तेलाची.
"चव पाहनं झालं.
आता जेवतो."

सोमवारी अहवाल दिला.
वापराचं तापमान, या रकान्यात लिहिलं: ताटातलं.
साहेबांनी पेन्सिलीने बाजूला प्रश्नचिन्ह काढलं,
खाली बारीक अक्षरात: भजी कशी तळणार?
उत्तर दिलेलं नाही अजून.

बाटली टेबलावर आहे, तळाशी दोन बोटं तेल.
रात्री झाकण काढून हुंगते.
अजून दार झालेलं नाही.