ओलं लाकूड

सकाळी सात ते नऊ मी शाळेची व्हॅन चालवते.
खोऱ्यातली अकरा पोरं, त्यात एक रोज उलटी करणारं,
डोंगर उतरवून फाटकाशी मोजून सोडते.
मग सीटखालचे हातमोजे काढते
आणि लाकूडवाली होते.

मार्चमध्ये मेंढ्या विऊ लागल्या की रात्री गेथिनच्या गोठ्यात.
कोपरापर्यंत साबण, आत हात,
अडलेल्या कोकराचा पाय चाचपडत शोधायचा.
गुरुवारी चॅपलच्या पन्हळी, शनिवारी कुणाचं तरी कुंपण.
बाबा म्हणायचे, एकाच धंद्यावर पोट भरतं ते फक्त पाद्र्याचं.
वळणावरची पाटी त्यांच्याच हातची.
नवा नंबर मी खाली लिहिलाय.
जुना खोडायचा राहून गेलाय.

वेल्सच्या या कोपऱ्यात सध्या लाकूड उदंड.
अ‍ॅशच्या झाडांना रोग लागलाय.
शेंड्यापासून खाली उतरत येतो,
वाईट बातमी जिना उतरून स्वयंपाकघरात यावी तसा.
रस्त्याकडेची झाडं पाडायला मला बोलावतात,
ओंडके माझे.
सरळ धाग्याचं गुणी लाकूड,
घाव घातला की हसल्यासारखं उघडतं.
आयुष्यात पहिल्यांदा चार पैसे मागे पडले.
ज्या फांदीला आमचा झोपाळा होता
तिची साडेचार पोती झाली,
आणि व्हॅनचा गिअरबॉक्स दुरुस्त झाला.
हे कुणाला सांगायचं नसतं. सांगितलं.

सुटीच्या घरातलं लंडनचं जोडपं
एकाच मापाचे, साल न सुटलेले तुकडे मागतं.
चूल पेटवत नाहीत, शेजारी रचून ठेवतात.
त्यांना बर्च दिला, पांढराशुभ्र, दीडपट दराने.
पाप वाटलं नाही.

माझ्या खिशात दोन दातांचं एक यंत्र असतं.
फोडलेल्या लाकडात खुपसायचं, आकडा वाचायचा.
वीसच्या खाली, विकायचं.
वीसच्या वर म्हणजे धूर, चिमणीत डांबर आणि फोनवर शिव्या.
सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात;
म्हणणाऱ्याने कधी चिमणी साफ केली नसणार.

ऑक्टोबरात एलुनेडबाईंचा फोन आला.
वय एकोणनव्वद, आवाज त्याहून कमी.
"ओलं आहे का? सुकं मला परवडत नाही.
एक अख्खा ट्रेलर."
म्हटलं, अ‍ॅश देते, एका उन्हाळ्यात वाळेल.
"अ‍ॅश नको. भुर्रकन जळून जातं. ओक दे."
ओकला दोन उन्हाळे लागतात, बाई.
पलीकडे जरा वेळ नुसतं घड्याळ ऐकू आलं.
"मोजता येतं मला," ती म्हणाली.

दुपारी मी ट्रेलर मागे घेत तिच्या शेडपाशी लावला.
ती काठी रोखून उभी.
साल वर. साल वर गं. भिंतीला चिकटवू नकोस, हवा खेळू दे.
तो तुकडा काढ, तो वाकडा आहे, तो खाली घाल.
मी सांगितल्याप्रमाणे करत गेले,
तिच्यासमोर मी अजूनही इदवालची पोरगी.
शेवटी तिनेच विचारलं, ते टोचायचं यंत्र आणलंयस?
टोचलं.
"किती?"
अडतीस.
"कोवळं आहे अजून," ती म्हणाली,
आणि खडूने फळीवर तारीख घातली. आजची नाही,
पेटवायची.

चहाच्या डब्यातून नोटा निघाल्या, वर तीन अंडी.
मी दर थोडा कमी सांगितला होता,
तिने पूर्ण दिले. काठीने बोट दाखवावं तशी
दाराकडे दाखवलं: पाऊस येईल, जा.

अंडी मी टोपीत ठेवली,
टोपी शेजारच्या सीटवर.
तीन वाजत आले होते.
अकरा जणं फाटकाशी उभी असतील,
त्यातलं एक आत्तापासूनच पांढरं पडलेलं.
वळणं मी नेहमीपेक्षा हळू घेतली.
अंड्यांमुळे.