डावा पाय

रायबंदरची पहिली फेरीबोट यायच्या आधी
आम्ही पाचजण बांधावर उभे राहतो.
मानशीच्या फळ्यांतून भरती आत शिरत असते,
कुणी ढकलत नाही, तरी शिरत असते.
"हातांक सांगूं नाकात," कुस्तोदबाब म्हणायचे,
"उदकाक पळयात."
एवढाच धडा. बाकी सगळं सवकास.

एकवीस वर्षं मालवाहू बोटीवर होते ते.
ताई ची त्यांना शिकवली भटारखान्यातल्या म्हाताऱ्या लिमनं,
डेकवर, पहाटे, बटाटे सोलायला बसण्याआधी.
लिमच्या घराण्यातली ती, पेनांगची,
बापाकडून मुलाकडे जाणारी.
लिमला मुलगा नव्हता.
म्हणून मग दिवाडीच्या एका तारवट्याकडे,
ज्याला तोवर दोनच गोष्टी यायच्या:
गाठ मारणं आणि मांडो म्हणणं.

कुस्तोदबाबच्या मुली लिस्बनला.
म्हणून मग आम्ही.
रुझार पोदेर, पाव पोचवून येणारा, बाह्यांना पीठ;
फेरीवरचा सगुण, दोर फेकून सैल झालेले खांदे;
शेवंती, जिनं चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी वाहिली,
तिला ताठ उभी राहा असं कधीच सांगावं लागलं नाही;
आंजेलिन नर्स;
आणि मी, निवृत्त मराठीची बाई,
प्रत्येक चालीला नाव मागणारी.

नावं त्यांना नव्हती ठाऊक.
लिम चिनीत सांगायचा, अर्धं वारा न्यायचा.
आम्हीच ठेवली मग:
जाळं झटकणं. भट्टीचं दार. बगळा उठला.
चौदावीला काही सुचलं नाही.
तिच्यात डावा पाय मागून येतो,
जरा घासत, जरा थांबत,
काही सांगायचं राहून गेल्यासारखा.
सगळ्यांत अवघड तीच.
रुझारला ती बसायला
एका नाताळपासून दुसरा नाताळ लागला.

कुस्तोदबाब गेले त्याला दोन वर्षं झाली.
त्या दिवशी सगुणनं फेरी पाच मिनिटं उशिरा सोडली,
कुणी हॉर्न वाजवला नाही.

गेल्या महिन्यात धाकट्या मुलीनं व्हिडिओ धाडला.
लिमच्या पुतणीचा नातू, त्याच्यामागे सातआठ पोरं,
त्यांच्यामागे सायकलींचं दुकान.
तोच बगळा! आम्ही ओरडलोच.
मग चौदावी आली
आणि डावा पाय सरळ पुढे गेला,
मऊ, गोल,
काहीच न राहिल्यासारखा.

मोबाइल मधे धरून आम्ही गप्प.
शेवंती म्हणाली, "बोटीच्या जिन्यावरून पडले होते ना ते?
हा गुडघा..."

नऊ वर्षं आम्ही
एका मोडक्या गुडघ्याचं पाठांतर केलं होतं.

आंजेलिन आधी हसली. सगुण तर खालीच बसला.
रुझार हसला नाही. म्हणाला,
"घराणं त्यांचं. दुरुस्त करूया."
मीही म्हटलं, शुद्धलेखन ते शुद्धलेखन.
ठरलं.

रात्री एकटीनं व्हिडिओ पुन्हा पाहिला.
नवव्या चालीत ती सगळी पोरं
एकदम डावीकडे मान वळवतात.
तिथं काही नाही. नुसती भिंत.
नवव्या चालीत आम्ही समोरच बघतो,
कुस्तोदबाबनी आम्हाला समोरच बघायला शिकवलं.
पोरांना विचारायला हवं,
त्या भिंतीशी कधी कोण बसायचं.
बहुधा त्यांनाही माहीत नसेल.

पहाटे बांधावर धुकं होतं.
मी पुढे, बाकीचे मागे.
बगळा उठला, भट्टीचं दार उघडलं, लागलं.
तेरावी संपली.
ठरल्याप्रमाणे मी डावा पाय उचलला, अलगद.

मागे खडी घासली.
चार पायांखाली, एकदम.

माझा पाय हवेतच होता.
मग तोही खाली आला, जरा घासत,
जरा थांबत.