उसवणारा हात

रात्री पावणेदोनला पेशी एकदाची तयार होते.
सागरमाळावर वीज टिकून आहे, एसीचं पाणी बादलीत पडतंय,
आणि पडद्यावर हिरव्या सूक्ष्मनलिका
दोन टोकांकडून मध्याकडे वाढत येतात,
अंधारात खुंटी चाचपणाऱ्या हातासारख्या.
गुणसूत्र सापडलं नाही
तर सरसर मागे. पुन्हा नव्यानं.

शिरगुप्पे सर म्हणतात,
वाढ कुणीही मोजेल, तू आखडणं मोज.
टोकावर बसून नलिका लांबवणारी प्रथिनं आहेत,
कोसळताना मधेच सावरून धरणारी आहेत,
आणि एक आहे, त्याच टोकाशी
एकेक टाका उसवत जाणारं.
मागच्या महिन्यात आम्ही ते काढून टाकलं.
नलिका माजल्या. काठाला धडकून वाकल्या,
गुणसूत्रं भलत्याच घरी गेली.
वहीत मी लिहिलं: उसवणाराही लागतो.
मग खोडलं. वहीत असं लिहीत नाहीत.

आई जवाहरनगरात चपलांच्या वेण्या घालते,
जोडीला दोन रुपये मिळायचे तेव्हापासून.
माप बोटानं. एखादं पेर जास्त झालं
तर शेवटाकडून सोडवत यायची, रापी न लावता.
कापलं की चामडं रुसतंय, म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात तिला सलाईनमधून जे दिलं
ते मला नावानं, सूत्रानं, भावानं ठाऊक होतं.
ते नलिकेला आखडूच देत नाही.
वाढली तशी थिजते,
पेशी उंबऱ्यात अडकते, मरते.
गाठ विरली.
केस गेले, ते येतील.
पण त्याच नलिका नसांमध्येही असतात,
मणक्यापासून थेट बोटांच्या टोकांपर्यंत.
हे मी तिला सांगितलेलं नाही.

"बोटांस्नी कायबी कळंना झालंय गं.
चामडं हाय का वारं हाय."

फोन वाजतो. दोन वाजता ती जागीच.
जेवलीस काय?
जेवले. तू काय करतीस?
"वेणी घालतो की. आता डोळ्यानं मोजतो.
चार बोटं जास्त झाली बघ,
सोडवत बसलोय."

मी फोन कानाशी तसाच धरते.
तिकडे ओलं चामडं चर्र वाजतं, थांबतं,
पुन्हा वाजतं.
इकडे एक नलिका मध्यापर्यंत येऊन
रिकामीच डुलते.

दोन वाजून सात मिनिटं.
आखडायला लागली.