किती जणांसाठी

पोर्ट टॅलबटच्या कारखान्यात सव्वीस वर्षं
मी वजनकाट्यावर होतो.
ट्रक भरलेला यायचा, रिकामा जायचा,
मधला फरक माझ्या सहीने खरा व्हायचा.
म्हणून रक्तात साखर निघाल्यावर
दवाखान्यातली कॅरिस जेव्हा म्हणाली,
'घरचं जेवण लिहून आणा, मिस्टर धारप,
दर वाढणीला किती कॅलरी,'
मला वाटलं, हे तर माझंच काम.

स्वान्झीतला आमच्या गल्लीचा चढ चढून
काखेतल्या खोक्यातून मी घरी आणला
काचेचा, सपाट, छोटा काटा.
शालनने तो पाहिला
न कळवता आलेला पाहुणा पाहावा तसा.
या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही,
खलबत्ता जरा सरकवला.

शनिवारी पालकाची पातळ भाजी.
मी वही घेऊन तिच्या मागे.
तेल? 'पळीभर.'
कुठली पळी? 'आपली.'
चिंच? 'बोराएवढी.'
आता या गावात बोर कुठे बघायचं?
गूळ तिने ढेपेवरून खरवडला
आणि मी वाटी पुढे करेपर्यंत
तो विरघळलाही होता.
'शालन, एक वाढणी म्हणजे किती गं?'
'वाढलेलं मोजू नये.
आणि मध्ये उभे राहू नका, फोडणी उडेल.'

दाण्यांवर मात्र मी हट्टाला पेटलो.
भरलेली मूठ काट्यावर रिकामी करायला लावली.
बत्तीस ग्रॅम.
परत बरणीत. परत मूठ.
बत्तीस.
तिसऱ्यांदा तिने बरणीकडे बघितलंच नाही,
माझ्याकडे बघत मूठ भरली.
एकतीस.
'एक खाल्ला,' म्हणाली,
आणि दाढेखालचा दाणा दाखवला.

कारखान्यातला काटा वर्षातून दोनदा
कार्डिफचा माणूस येऊन तपासायचा.
हिचा हात
कोण कधी तपासून गेलं?

बेरीज झाली. एक हजार अठ्ठेचाळीस.
फोनवर पुढचा चौकोन उघडला: किती जणांसाठी?
मी तिला विचारलं.
ती डाळ घोटत होती. न वळताच म्हणाली,
'चार.'

समोरच्या छपरावर एक सीगल पाय बदलून उभा राहिला.
मी चार लिहिलं.
भागिले चार, दोनशे बासष्ट.
कॅरिस खूश झाली असती.

जेवलो दोघंच.
एकदा पोळीबरोबर, एकदा भाताबरोबर,
आणि वर थोडी नुसतीच, वाटीला तोंड लावून.
उरलेली डब्यात, डबे फ्रीजरमध्ये,
जिथे आधीचेच नऊ होते,
झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख,
आणि तारखेखाली,
इतक्या वर्षांत मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं,
तिच्या बारीक अक्षरात
मृ.
नि.
मृ.
मृ.
नि.

मृ. ॲबर्डीनहून नाताळला येते, तीन दिवस.
नि. येईन म्हणतो.

वहीतलं चार मी खोडलं. दोन लिहिलं.
आकडा एका झटक्यात दुप्पट, पाचशे चोवीस.
मग दोनही खोडलं.
सव्वीस वर्षांत माझ्या एका पावतीवर
खाडाखोड नव्हती.

रात्री मी मोठं पातेलं काट्यावर ठेवलं,
उद्याच्या तयारीला शून्य करून ठेवलं.
शालनने घासायला म्हणून ते उचललं
आणि थबकली.
'अहो, हा बिघडला. रिकामा आहे आणि
उणे सहाशे दहा दाखवतोय.'
'बिघडला नाही,' मी म्हणालो.
'ज्याच्यासकट शून्य धरलेलं असतं
ते उचललं की असंच दाखवतो.'

ती पातेलं हातात धरून उभी राहिली.
मग हळूच परत ठेवलं.
शून्य.
'राहू दे,' म्हणाली. 'सकाळी घासते.'