खुंटी क्रमांक दोनशे चौदा

लिएपायाच्या नाट्यगृहात कोट सांभाळणारी वेल्गा
कुणालाच बिल्ला द्यायची नाही.
चेहरा बघायची, कोट घ्यायची,
आणि खेळ सुटल्यावर तीनशे माणसांच्या रेटारेटीत
ज्याचा कोट त्याच्याच खांद्यावर.
एकदाच ती तापाने पडली, फेब्रुवारीत,
आणि त्या रात्री अर्धं गाव
दुसऱ्याच्या बाह्यांत हात घालून घरी गेलं.

आठवड्याभरात पितळेचे बिल्ले आले.

हे मी सोमवारी सगळ्यांना सांगितलं,
पॉलिक्लिनिकच्या वेबसाइटचं काम हाती घेताना.
म्हटलं, आपला सर्व्हर म्हणजे वेल्गाच आहे,
कोण आलं, कधी आलं, सगळं डोक्यात ठेवतो,
आणि त्याला रीस्टार्ट केलं
की खोकणारे, गरोदर, गुडघेवाले
सगळे एका क्षणात परके.
गुंटिस म्हणाला, मग पाडू या बिल्ले.

टोकन म्हणजे तीन तुकडे, मध्ये दोन टिंबं.
पहिला सांगतो, मी कोणत्या रीतीने घडलो.
दुसरा, मी कुणाचा आणि कधीपर्यंतचा.
तिसरी नुसती सही.
मजकूर उघडाच असतो, कुणीही वाचावा,
पण एक अक्षर हललं तरी सही पटत नाही.
पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं
माणसानं असंच असावं.
मग वाटलं, नको.

दाराला आता काही आठवावं लागत नाही.
सही पडताळायची, उघडायचं.
किती हलकं वाटत असेल दाराला.

बुधवारी रात्री मात्र कुणालाच आत घेईना.
चारशे एक, चारशे एक, चारशे एक.
बाहेर समुद्राचा वारा खिडकीला कुल्ला टेकून बसलेला,
शेवटची ट्राम गेली, कॉफी संपली.
दोन वाजता सापडलं:
एका यंत्राचं घड्याळ चाळीस सेकंद मागे होतं,
म्हणून बिल्ला
जन्माला यायच्या आधीच दारात उभा.

मुदत किती ठेवायची?
पंधरा मिनिटं, गुंटिस म्हणाला,
चोरीला गेला तरी पंधरा मिनिटांचाच चोर.
आणि दिलेला बिल्ला मधेच परत मागायचा झाला तर?
मागता येत नाही. दार विसराळू आहे ना.
फार तर रद्द झालेल्यांची यादी ठेवू.
म्हणजे पुन्हा लक्षात ठेवणं?
थोडंसं, तो म्हणाला, आणि नखं बघत बसला.

शनिवारी वेल्गाकडे गेले.
एक्याऐंशी वर्षांची, कान गेलेले, हात शाबूत.
राईच्या पावावर लोणी लावता लावता सांगू लागली
दोनशे चौदाची गोष्ट.
नोव्हेंबर. निळा लोकरी कोट, वरचं बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलेलं.
मध्यंतरात माणूस सिगारेट ओढायला म्हणून
बाहेर गेला, नुसत्या स्वेटरवर,
बिल्ला खिशात.
आलाच नाही.
नियम तीन महिन्यांचा. मग कोट दान करायचा.
तिनं एकोणीस वर्षं ठेवला.
दर शरदात ब्रश, खिशात नव्या डांबरगोळ्या,
निवृत्त झाली तेव्हा हातावर टाकून घरी आणला.
दाराच्या मागे आहे अजून. मी पाहिला.
का गं? मी ओरडूनच विचारलं.
तिला प्रश्नच विचित्र वाटला.
अगं, बिल्ला त्याच्याकडे आहे ना?
मग कोट नको का माझ्याकडे?

सोमवारी मी मुदत लिहिली: नऊशे सेकंद.
बरोबर आहे ते. सुरक्षेच्या दृष्टीनं दुसरं काही बरोबर नाही.
मुदत संपल्यावर दिसणारं वाक्य मात्र बदललं.
आधी होतं, अवैध टोकन.
आता आहे, बराच वेळ झाला, पुन्हा एकदा नाव सांगा.
आणि नऊशेच्या ओळीवर
एक टिप्पणी टाकली, फक्त आकडा, दोनशे चौदा.

तपासताना गुंटिसनं बोट ठेवलं. हे काय?
राहू दे, म्हटलं.
टिप्पणी यंत्र वाचत नाही.