समजा, तांडापेठ

माझं आडनाव निनावे.
गंमत नाही, आधार कार्डावर आहे.
आमच्या गल्लीत अर्धी दारं निनाव्यांचीच,
पोस्टमनला विचारा.
म्हणून खेळात शिरताना नाव मागितलं
तेव्हा खूप वेळ बोटं थांबली,
मग लिहिलं : सुरपारंबी.

दिवसभर पॅथॉलॉजीत मी दुसऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या
रक्ताच्या नळ्यांना चिकटवते.
रात्री अकराला कूलरमध्ये चार बादल्या ओतून
आज्याचा माग होता त्या खड्ड्यावरच्या फरशीवर
पाय टेकून बसते. फरशी अजून पोकळ वाजते.
खिडकीबाहेर मे महिना. दिवसा शेचाळीस,
रात्री भिंतीवर थापाल तर भाकर शेकून निघेल.
आणि पडद्यावर आम्ही चौघं
गुडघाभर बर्फात किल्ला बांधतोय.
लाकडं संपली की खविस ओरडतो,
"आरं शेकोटी! शेकोटी बघा की रं!"
मी मानेवरचा ओला टॉवेल पिळते
आणि थंडीनं मरते.

तीन वर्षं. खविस, उंदीरराजे, चिंचोका, मी.
कोण कुठला, हे विचारायचं नाही
असं कुणी ठरवलं नव्हतं.
ठरलेलं एकच : रात्रीचा पहारा लागला
की कुणीतरी "समजा" म्हणायचं.

समजा, झिरो माईलचा खांब
कुणी रात्रीतून एक पाऊल सरकवला तर?
(हे माझं. ऑटोतून रोज दिसतो, तोच सुचला.)
उंदीरराजे म्हणाला, मग मैलाचे सगळे दगड खोटे.
खविस म्हणाला, माझं गाव तुमच्यापासनं लांब जाईल, बरंच हाय.
चिंचोका म्हणाला, काऊन?
खांब नाही हालत.
बाकीच्यायलेच एकेक पाऊल सरका लागते.

समजा, जन्मात एकदाच सेव्ह करता आलं,
तर कुठं केलं असतं?
खविस : बारावीच्या केमिस्ट्रीआधी.
उंदीरराजे : भाऊ गाडी घेऊन निघाला त्या संध्याकाळी.
मग कुणी काही बोललं नाही,
बर्फ पडत राहिला.
बऱ्याच वेळानं चिंचोका :
मागच्या मंगळवारी.
काय झालं मंगळवारी?
काही नाही झालं. म्हणूनच.

माझ्या ओठावर माझं उत्तर होतं,
तेवढ्यात कोपऱ्यावरची डीपी उडाली.
धडाम, खिडकीतून.
दिवा पिवळा पडला, लुकलुकला,
आणि अर्ध्या श्वासानंतर
कानातल्या हेडफोनमध्ये, चिंचोक्याच्या बाजूनं,
तेच धडाम.
मग सगळंच गेलं.

गच्चीवर गेले. सगळी तांडापेठ गच्चीवर,
चादरी, मच्छर, रडकी लेकरं,
वीज कंपनीच्या नावानं ठेवणीतल्या शिव्या.
तीन गच्च्या पलीकडे
उलट्या बादलीवर एक जण बसलेला,
गळ्यात हेडफोन,
वायर खाली लोंबत, कशालाच न जोडलेली.
अंधारात वय कळेना.
समजा, तोही निनावेच असला तर?
हाक घशापर्यंत आली.
पण मारायची काय म्हणून?
आई बाजूच्या खाटेवर, जागी,
आणि मी मध्यरात्री गच्चीवरून ओरडणार, ए चिंचोक्या?
तेवढ्यात तो उठला,
बादली सुलटी केली, जिना उतरला.

पहाटे तीनला लाईट आली.
पडद्यावर आम्ही दोघं मेलेलो होतो,
एकमेकांपासून चार पावलांवर,
वरून बर्फाची दुलई.
खविस लिहून गेला होता : दोघं एकदम कुठं तडमडलात?

"लाईट गेलती," चिंचोका म्हणाला.
"आमच्याकडेही."
त्यानंतर नुसते दोन कूलर,
एक खोलीतला, एक कानातला,
थोडे मागेपुढे.
"तुझं उत्तर राह्यलं होतं," तो म्हणाला.

मी आधी लाकडं गोळा करायला गेले.